हिंदुरावचा निळा क्रेट

विद्याधर नगर, जयपूर
३ नोव्हेंबर २०२५

आत्या,

इथूनच वाकून नमस्कार केला असं धरून चाल. खरोखर वाकले तर मला परत सरळ करायला निलयला ऑफिसातून बोलवावं लागेल, इतकी कंबर धरलीय. फोनवर सांगितलं असतं, पण तुला फोनवर काही ऐकू येत नाही आणि मोबाइलवर टाइप केलेलं तू पत्र मानत नाहीस. तेव्हा हा कागद.

मी व्हिडिओ गेमचं मशीन बनवतेय. विट्याला स्टँडसमोर हिंदुरावच्या पार्लरमध्ये होतं ना, अगदी तसं. फक्त अंगानं बारीक, कारण आमच्या हॉलमध्ये फ्रिज आणि बाल्कनीचं दार यांच्यात सव्वादोन फूटच जागा आहे. बारा एमएमचा प्लाय, ऑफिसनं मोडीत काढलेला एकोणीस इंची मॉनिटर, तळहाताएवढा कॉम्प्युटर, दोन जॉयस्टिक आणि जयंती मार्केटमधून निवडून आणलेली लाल-पिवळी बटणं. प्रत्येक बटण कानाशी धरून दाबून बघितलं. टिक् असा कोरडा आवाज आला तरच घेतलं. दुकानदार वैतागला, वैतागू दे.

सुताराचं काम जांगिडजी करतायत. वर दिव्याची पाटी, समोर काच, खाली फळी, हे ऐकून त्यांनी परस्पर ठरवलं की देवघर आहे. बाजूला अगरबत्तीचा खण काढून दिलाय, तोही विचारल्याशिवाय! मी खण राहू दिला. त्यात मी खडू ठेवणार आहे.

खडू कशाला, ते ऐक. तुझ्या घरी पाच वर्षं राहिले, पण त्या दिवसाचा विषय काढला की तू म्हणायचीस, झालं गेलं सोड. त्यामुळे तुला हे मी धड कधी सांगितलंच नाही. हिंदुरावचं मशीन बंद केलं की सगळे स्कोअर पुसले जायचे. म्हणून त्यानं शेजारी पाटी टांगली होती आणि पहिली पाच नावं खडूनं लिहायचा. हरणाऱ्यानं आपलं नाव आपल्याच हातानं पुसायचं, सगळ्यांसमोर, असा त्याचा नियम. जून २००० मध्ये त्या पाटीवर पहिलं नाव अमिता होतं. सातवीतली मुलगी, आणि खाली कॉलेजातल्या पोरांची नावं. दुसरं नाव गंधारचं. सख्ख्या भावाचं.

त्या दिवशी तू सकाळच्या गाडीनं कराडला गेलीस, म्हणून तू बघितलं नाहीस. खेळ अर्ध्यात होता. आप्पा आले, काही न बोलता प्लग भिंतीतून उपटला आणि म्हणाले, "चल. अब्रू घालवलीस." आठ पोरं बघत होती. मी पाटीकडे बघितलं तर माझं नाव गायब. आणि गंधार शेजारी उभा, उजवा तळवा खडूनं पांढरा. आठ दिवसांत माझं दप्तर तुझ्या घरी आलं.

हरलेला भाऊ बापाला जाऊन चुगली करतो आणि वर बहिणीचं नाव पुसतो. पंचवीस वर्षं मी त्याला दादा म्हटलेलं नाही. आता म्हणणार आहे, गोड गोड म्हणणार आहे, आणि इथे बोलावणार आहे. मशीन त्याच्यासाठीच आहे.

फक्त एक घोळ झालाय. मशीनची उंची मला जशीच्या तशी हवी होती. बटणांची फळी माझ्या कमरेशी यायची हे पक्कं आठवतं. सातवीच्या प्रगतिपुस्तकात माझी उंची चार फूट सहा इंच आहे, त्यावरून हिशेब केला आणि फळी अडीच फुटांवर बसवायला सांगितली. आता तिच्यापुढे उभं राहिलं की भांडी घासायला वाकल्यासारखं वाटतं! हिशेब तीनदा तपासला, बरोबर आहे. मग चुकलं कुठे?

तुझी अमिता


कराड
११ नोव्हेंबर २०२५

चि. अमिता,

आशीर्वाद आहेतच, आणि कमरेला एरंडेल चोळ हाही आशीर्वादच समज.

मुलीच्या शाळेचे डबे, नवऱ्याचा डबा, स्वतःची नोकरी, एवढं असून लोकांना सुतारकामाला वेळ मिळतो हे वाचून बरं वाटलं. मी आपली सकाळी दोन तांबे पाणी तापवलं की दिवस संपला म्हणते. गुडघा अजून तसाच. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा. माझं वजन म्हणजे निम्मी हाडं आणि निम्मा राग, त्यातलं काय कमी करू?

इंजिनियर बाई, तुझा हिशेब बरोबर आहे, पण क्रेट धरायचा राहिला. अगं, तू हिंदुरावच्या निळ्या क्रेटवर उभी राहायचीस, सोड्याच्या बाटल्यांचा, एक कोपरा फुटलेला. त्याची उंची मिळव. वीतभर तरी असेल.

बाकी तुझ्या बेताबद्दल काय सांगू. पोर बारा वर्षांची होती तोवर तिचा राग शोभत होता, आता तुझ्याच पोरीला अकरावं लागलंय. गंधार वाईट मुलगा नाही. दर दिवाळीला येऊन माझ्या माळ्यावरची जाळी काढून जातो. मशीन बनव, खेळ, मैथिलीला शिकव. त्याला त्यात ओढू नकोस एवढं माझं ऐक.

अलकाआत्या


जयपूर
९ डिसेंबर २०२५

आत्या,

अगं हो! क्रेट! मी पार विसरले होते. तुझ्या डोक्याला तोड नाही. जांगिडजींकडून दहा इंची ठोकळा करून मशीनखाली बसवला आणि आता फळी अशी हाताशी येते की डोळे मिटले तर हिंदुरावच्या विडीचा वास येतो.

पाटीही आणली. शाळेच्या सामानाच्या दुकानात अख्खी सकाळ घालवून लाकडी चौकटीची खरी पाटी मिळवली. वरचं नाव लिहिलंय. कुणाचं ते सांगायला नको. रोज ऑफिसातून आले की पाऊण तास सराव करते. तोच विमानं पाडायचा खेळ आहे. निलय म्हणतो, एवढा अभ्यास बारावीला केला होतास का? मैथिली म्हणते, "मम्मी, मतलब मामानं असं केलं तरी काय?" मी म्हटलं, येईल तेव्हा बघशील.

आणि तो येतोय! संक्रांतीला, बायकोपोरांसह. फोन केला, दादा म्हटलं. त्यानं दोनदा विचारलं, कोण बोलतंय म्हणून. मग म्हणाला, "येतो गं, येतो." आवाज भरून आला होता त्याचा. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. उलट मजा वाटली.

बेत असा आहे. त्याच्या पोरांसमोर त्याला हरवायचं. मग म्हणायचं, अजून एक डाव दादा. तो रंगात आला, पोरं ओरडायला लागली की प्लग भिंतीतून उपटायचा, आणि आप्पांचे शब्द म्हणायचे, त्याच आवाजात. मग पाटी दाखवून म्हणायचं, पूस.

एक काम आहे तुझ्याकडे. त्याच्याबरोबर तूही ये, आणि परत जाऊ नकोस. आतली खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय. पलंग जांगिडजींकडून उंच करून घेतलाय, गुडघ्याला बरा. दोन वर्षं टाळतेस, आता कारण नको. आई गेली तेव्हा मी रडले नाही एवढी तुझ्या गॅसवर दूध उतू गेलेलं ऐकून रडले होते. तू एकटी का राहायचंस? माझ्या माणसांत तू एकटीच अशी आहेस जिनं मला कधी फसवलं नाही.

ये. खेळही बघायला मिळेल.

अमिता


कराड
२० डिसेंबर २०२५

अमिता,

तुझं पत्र वाचून दोन घास गेले नाहीत.

मी येणार नाही. गुडघ्याचं कारण आहेच, पण ते नसतं तरी आले नसते. त्या घरात, त्या दिवशी, मला उभं राहवणार नाही. तू ते मशीन विक, दान कर, जांगिडजींना देवघर म्हणून परत दे. गंधारला बोलावलंस तर बोलावलंस, गुळपोळी घाल, तिळगूळ दे आणि पाठव. त्याच्या पोरांसमोर त्याची शोभा करू नकोस. पाया पडते हवं तर.

चूक त्याची नव्हती असं समज. माझ्या शब्दाखातर समज. एवढ्या वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं का मी?

आणि मला फार चांगली म्हणत जाऊ नकोस, मला ते सोसत नाही.

अलका


जयपूर
१५ जानेवारी २०२६

आत्या,

या पत्राला नमस्कार नाही.

तुझं वीस तारखेचं पत्र मिळालं तेव्हा मला वाटलं, भाच्याचा कैवार घेतेय. वंशाचा दिवा ना शेवटी! म्हणून उत्तर दिलं नाही आणि बेत तसाच ठेवला.

काल संक्रांत झाली. इथे संक्रांतीला अख्खं शहर गच्चीवर असतं, प्रत्येक गच्चीवर स्पीकर, आणि पतंग कापला की "वो काटा" चा एकच आरडाओरडा. आमच्या घरात मात्र सगळे मशीनभोवती. अकराच्या सुमारास पहिला डाव झाला. मी जिंकले, आणि पाटीवर माझ्या नावाखाली त्याचं नाव लिहिलं. तो हसत होता, पोरांना म्हणाला, "तुमची आत्या म्हणजे काय चीज आहे बघा." दुसऱ्या डावाला तो खरंच रंगात आला. पोरं "पप्पा, पप्पा" करून नाचत होती. मी प्लग उपटला.

म्हटलं, "चल. अब्रू घालवलीस."

मैथिली म्हणाली, "मम्मी, ये क्या किया?" वहिनी ताटली हातात घेऊन तशीच उभी. मी पाटीकडे बोट दाखवलं, पण पूस म्हणावंच लागलं नाही. तो स्वतः गेला, आपलं नाव तळव्यानं पुसलं, आणि तो पांढरा हात माझ्यासमोर धरून म्हणाला, "हाच बघितला होतास ना तेव्हा? आप्पा निघालेत हे कळलं म्हणून मी धावत आलो होतो. सगळ्यांत वर तुझं नाव वाचलं असतं तर त्यांनी तिथंच तुला मारलं असतं. म्हणून पुसलं. तुला बाहेर काढायला वेळच मिळाला नाही."

मी म्हटलं, मग आप्पांना सांगितलं कुणी?

"मी नाही."

कुणी?

तो म्हणाला, "मी शब्द दिलाय." आणि बाथरूममध्ये हात धुवायला गेला.

मी तिथेच उभी राहिले आणि माझं लक्ष मशीनखालच्या ठोकळ्यावर गेलं. दहा इंच. क्रेट. आत्या, त्या दिवसाआधी मी विटांवर उभी राहायचे. विटा त्याच सकाळी शेजारच्या दुकानदारानं नेल्या, म्हणून हिंदुरावनं क्रेट दिला. निळा, कोपरा फुटलेला. मी त्याच्यावर एकच दिवस उभी राहिले, आणि त्या दिवशी तू कराडच्या गाडीत होतीस. गंधार बाहेर आल्यावर विचारलं, क्रेटचं आत्याला तू सांगितलंस? तो म्हणाला, "कसला क्रेट?" त्याला आठवतसुद्धा नाही.

प्लग उपटला त्यात कॉम्प्युटरचं कार्डही उडालं. मशीन बंद पडलंय, काळी काच नुसती. गंधार आणि त्याची माणसं आज सकाळच्या गाडीनं पुण्याला आपल्या घरी गेली. वहिनी माझ्याशी बोलली नाही. गंधारनं जाताना मला तिळगूळ दिला, आणि मी तो घेतला, आणि माझी मान वर झाली नाही.

तू बघितलंस. तू सांगितलंस. का, ते लिही. उपकार काढू नकोस. कराडला आले म्हणून इंजिनियर झाले, हे वाक्य लिहिलंस तर पत्र फाडीन. फक्त का, ते.

अमिता


कराड
२४ जानेवारी २०२६

अमिता,

तीन कागद फाडले. हा चौथा, जसा होईल तसा पाठवते.

हो. मीच.

दहाची गाडी उशिरा होती. स्टँडवर बसले होते. समोरच्या दुकानातून पोरांचा ओरडा येत होता, अमिता, अमिता असा. पडदा बाजूला करून बघितलं. तू क्रेटवर उभी होतीस. दोन वेण्या, एक सुटलेली. मागे सगळी वाढलेली पोरं, आणि तुझं कुणाकडे लक्ष नाही. माझ्या शाळेत तीस वर्षं शिकवताना हजार मुली बघितल्या, पण स्वतःला एवढी विसरलेली मुलगी मी बघितली नाही. मला तू इतकी सुंदर कधी दिसली नव्हतीस.

तुझे काका जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. घरी कुलूप काढायचं आणि आपणच आत जायचं. मी मनोहरकडे, तुझ्या आप्पांकडे, तुला दोनदा मागितलं होतं, शिकायला माझ्याकडे दे म्हणून. दोन्ही वेळा तो हसला. म्हणाला, "पोर काय उसनी देतात का अलके?"

मी गाडी सोडली आणि घरी परत गेले. मनोहरला म्हटलं, पोरगी पार्लरमध्ये पोरांच्या घोळक्यात असते, गावभर नाव खराब होईल, हातची जाईल, माझ्याकडे दे. मला ठाऊक होतं तो कसा उठेल. अब्रू म्हटलं की त्याला पुढचं दिसायचं नाही. अमिता, मला तुझ्या अब्रूचं काही पडलं नव्हतं. मला तू हवी होतीस, आणि तुला मिळवायचा दुसरा रस्ता मला सापडला नाही.

गंधार ओसरीवर होता. त्यानं सगळं ऐकलं आणि धावत सुटला. पुढे तू त्याच्याशी बोलेनाशी झालीस तेव्हा तो माझ्याकडे कराडला आला, सोळा वर्षांचं पोर, म्हणाला, "आत्या, तिला खरं सांग." मी त्याचे हात धरले. म्हटलं, सांगितलंस तर ती माझ्या घरात एक दिवस राहणार नाही. त्यानं शब्द दिला आणि पाळला. पंचवीस वर्षं दर दिवाळीला जाळी काढायला येतो आणि तोंडातून ब्र काढत नाही. मी त्याच्याकडे वर बघत नाही.

तू बोलावलंस की मी का टाळत होते, हे आता कळलं असेल. तुझ्या हातचं कसं जेवू?

उंच पलंग मोडून टाक. तुला जे करायचं ते कर.

अलका


जयपूर
२ फेब्रुवारी २०२६

आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. पलंग मोडायला खरंच गेले होते. जांगिडजींना फोनही केला. ते म्हणाले, "मॅडमजी, अभी तो बनाया है." मग मी त्याच पलंगावर बसून एवढी रडले की मैथिली शाळेतून आली आणि घाबरली.

माझा राग गेलेला नाही. नीट वाच, गेलेला नाही. माझं नाव पाटीवर पहिलं होतं, आत्या. आयुष्यात मी कशातच पुन्हा पहिली आले नाही, आणि आले तेव्हा तेवढी मजा आली नाही. ते तू माझ्याकडून घेतलंस, आणि माझ्याकडून दादाही घेतलास. परवा त्याला फोन केला. पहिल्यांदा खरोखर दादा म्हटलं. तर तो म्हणाला, "क्रेट कसला होता गं?"

मी खूप विचार केला तुझं काय करायचं. पहिल्यांदा वाटलं, तुला पुन्हा पत्र लिहायचंच नाही. मग तू स्वतःच दाराचं कुलूप काढून आत जातेस हे डोळ्यापुढे आलं. तेवढ्यावर सुटका करून घेशील तू, मी ओळखते तुला! त्या घरात बसून स्वतःला शिक्षा देत राहशील आणि त्यातही तुझंच चालेल. ते मला मंजूर नाही. शिक्षा मी देणार.

मशीन दुरुस्त झालंय. नवीन कार्ड घातलं, खेळ परत भरला. पाटी पूर्ण पुसली आणि पुन्हा लिहिली. पहिलं नाव माझं. दुसरं गंधारचं, मीच लिहिलं, त्याला फोटो पाठवला. तिसरी ओळ मोकळी आहे. खडू अगरबत्तीच्या खणात.

हिंदुरावचा नियम तुला माहीत आहे. हरणाऱ्यानं आपलं नाव आपल्या हातानं पुसायचं, सगळ्यांसमोर. पण पुसण्याआधी ते लिहावं लागतं. तू इथे येशील. रोज सकाळी चहानंतर तुझं नाव लिहिशील, माझ्याशी एक डाव खेळशील, हरशील आणि पुसशील. मैथिलीसमोर, निलयसमोर, जांगिडजी आले तर त्यांच्यासमोर. एक दिवसही सूट नाही. पंचवीस वर्षांचे दिवस मी मोजून ठेवलेत. तेवढे पुरे होईपर्यंत मरायचीही परवानगी नाही.

पाठीनं तू आता पार वाकलीस, फळी तुझ्या हाताशी यायची नाही. सोड्याच्या दुकानातून एक क्रेट आणून ठेवलाय. लाल मिळाला, निळा नव्हता.

दादा तुला घेऊन येतोय.

अमिता


कराड
१० फेब्रुवारी २०२६

चि. अमिता,

मोठं पत्र लिहवत नाही. गंधार काल आला. माळा झाडला, गॅस बंद केला, भांडी शेजारच्या मीराबाईला दिली. उद्या त्याच्याबरोबर पुण्याला जाते, तिथून आठ दिवसांनी जयपूरला निघतो.

शिक्षा मान्य आहे. रोज लिहीन, रोज पुसीन.

पण तुला फसवून तुझ्या घरात पाय ठेवायचा नाही म्हणून एक सांगून ठेवते. मी माफी मागायला येत नाहीये. गाडी परत उशिरा असती, आणि तू परत त्या क्रेटवर दिसली असतीस, तर मी परत मनोहरकडे गेले असते. हे वाचून दार उघडायचं नसेल तर गंधारला फोन कर. तो मला वाटेतून परत नेईल.

उघडणार असशील तर क्रेट भिंतीला टेकवून ठेव. मी पडले तर तुझा डाव फुकट जाईल.

आत्या